दुसरी खेप

१

"वकीलबाई, आहात तशा या," एवढं बोलून ताईने फोन ठेवला.

आहे तशी म्हणजे मी डोक्याला तेल थापून बसले होते. तशीच केस बांधून निघाले. ताईचं ऑफिस घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. माझे गुडघे माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. जिना चढताना मी तिला मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं, आणि वर जाऊन तिचा चेहरा बघितल्यावर सगळं गिळलं.

खोलीभर नव्या पुस्तकांचे गठ्ठे होते. एक गठ्ठा फोडलेला. ताई जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं.

"सातव्या प्रकरणाचं शेवटचं पान," ती म्हणाली. "शेवटचा परिच्छेद. तुम्ही वाचला होतात हा?"

मी वाचला.

'नावाडी इतकी मुलं एका खेपेत न्यायला तयार नव्हता. दोन खेपा करू, असं तो म्हणाला होता. मास्तरांनी ते ऐकलं नाही. त्यांना घाई होती. सगळ्यांना एकाच खेपेत न्यायला त्यांनीच नावाड्याला भाग पाडलं. चौकशीत त्यांनी हे सांगितलं नाही.'

मी तो आधी वाचलेला नव्हता. तो तिथे नव्हताच. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता, हे मला पक्कं आठवत होतं.

इथे थोडं सांगायला हवं. ताईची प्रकाशनसंस्था दोन खोल्यांची. वर्षाला दोन पुस्तकं, फार तर तीन. सगळी खऱ्या घटनांची, पण गोष्टीसारखी सांगितलेली. त्यात मनचं एक वाक्य चालत नाही. पुस्तकामुळे कोर्टाची पायरी चढावी लागेल का, हे छपाईआधी बघणं माझं काम. आणि या प्रकाशनगृहाची एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पुस्तकात ज्याचा उल्लेख येतो त्याला त्याची पानं छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायची. काही खटकलं तर त्याने हात वर करायचा. तो 'हो' म्हणाला की समासात लाल खूण. माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या माणसाला वाचून दाखवायचं. याला ऑफिसात 'वाचन' म्हणतात आणि ताई ते देवळासारखं पाळते.

हे पुस्तक शाळेच्या सहलीचं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी मुलांनी भरलेली नाव नदीत उलटली. नावाडी बुडाला, कितीतरी मुलं बुडाली. मास्तरांनी पोहून पोहून सापडतील तेवढी मुलं ओढून काढली. चौकशीत ठरलं की नावाड्याने लोभापायी जास्त मुलं भरली. मेलेल्या माणसाला आपली बाजू थोडीच मांडता येते.

मास्तरांनी केसांना धरून ओढून काढलेली एक सात वर्षांची मुलगी म्हणजे ताई. तिचा पाच वर्षांचा भाऊ त्याच नावेत होता. तो गेला.

"शनिवारी प्रकाशन आहे," ताई म्हणाली. "शाळा त्याच दिवशी सभागृहाला मास्तरांचं नाव देणार आहे. सगळी घरं येणार आहेत, ज्यांची मुलं गेली ती. हे खरं असेल तर मी लपवू शकत नाही. खोटं असेल तर मी मास्तरांच्या तोंडाला काळं फासून बसले आहे. कुणी घातलं हे, वकीलबाई? ज्याने घातलं त्याला काहीतरी माहीत आहे, किंवा तो नीच आहे. मला कळायला हवं."

मास्तर निवृत्त झाल्यावर इथेच मुद्रितं तपासत. चार महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांची खुर्ची ताईने कुणाला बसायला दिली नव्हती.

"रडू नकोस," मी म्हणाले, आणि ते पुस्तक माझ्या पिशवीत घातलं.

२

परिच्छेद ऑफिसातल्याच माणसाने घातला होता, हे उघड होतं. कोऱ्या जागेत तो बरोब्बर बसला होता, पुढचं एक पानही सरकलं नव्हतं. बाहेरच्याला तेवढा अंदाज कुठून यायचा?

आधी लेखकाला गाठलं. पूर्वी वर्तमानपत्रात होता, आता पाच वर्षं या एका पुस्तकामागे लागलेला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वरच्या काजात.

"मी?" तो उसळला. "मुखपृष्ठावर माझं नाव आहे! उद्या लोक मला विचारतील, हे तुला कुणी सांगितलं, तर मी काय आकाशाकडे बोट दाखवू?"

"पण तूच म्हणत होतास ना, पुस्तकाला गुन्हेगार नाही म्हणून फिकं वाटतं?"

"म्हणत होतो. तुम्ही सगळ्यांनी मला गप्प केलंत. झालो गप्प." मग तो खाली बसला. "मला मास्तर आवडायचे हो. त्यांचं वाचन मीच केलं. या खोलीत. ते त्या खुर्चीत, काकू शेजारी, ताई टेबलापाशी, आणि आपली टकटक तिच्या यंत्रावर."

"हात वर केला होता त्यांनी?"

"केला होता," तो जरा आठवून म्हणाला. "मुलं नावेत बसली, तिथे. पण ते दमले होते. काकूंनी तो हात आपल्या हातात घेतला, खाली मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, 'थकलेत ते, तू वाच पुढे.' शेवटपर्यंत सोडला नाही हात. मला तर गलबलून आलं होतं. शेवटी मास्तर 'हो' म्हणाले."

काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मास्तर मुद्रितावर नजर ठेवत आणि काकू मूळ प्रत मोठ्याने वाचत, असं त्या दोघांचं वर्षानुवर्षं चालायचं. मास्तर गेल्यावर त्यांना घरी बसवेना. त्या येत राहिल्या.

टकटक ही अक्षरजुळणी करणारी. दिवसभर कळा बडवते म्हणून टकटक. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवत नाही.

"माझ्यावर खापर फोडू नका," तिने आधीच सांगून टाकलं. "दुरुस्त्यांचा ट्रे आहे तिथे. सगळे त्यात कागद टाकतात. हा कागद शेवटच्या दिवशी आला. इथल्याच प्रिंटरवर काढलेला, हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. मी जुळवला."

"काय लिहिलंय ते वाचलं नाहीस?"

"वकीलबाई, मी वाचत बसले तर पुस्तक पुढच्या जन्मी निघेल. मी खुणा बघते. परिच्छेदात माणसं किती? नावाडी आणि मास्तर. दोन. समासात लाल खुणा किती? दोन. म्हणजे दोघांच्या माणसांना वाचून दाखवलेलं आहे. खूण कमी असली तर मी कागद तोंडावर फेकते, ताईचा असला तरी."

"तो कागद कुठे आहे?"

"जुळवलेले कागद फाडून गठ्ठ्यांत भरतो आपण, पुस्तकांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून." तिने खोलीभर पसरलेल्या गठ्ठ्यांकडे हात केला. "शोधा."

मी काही शोधलं नाही. कागदापेक्षा त्या दोन खुणा जास्त बोलत होत्या.

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. मी जवळ गेले आणि हळूच विचारलं, "काकू, हा परिच्छेद तुम्हाला कुणी वाचून दाखवला होता का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला आज सकाळी कळलं."

म्हणजे दोनांतली निदान एक खूण खोटी होती.

३

दुसऱ्या दिवशी मी नदीकडे गेले. आता तिथे पूल आहे. पुलाच्या तोंडाशी बादल्या, मग, चाळण्या असलं प्लास्टिकचं दुकान. दुकान चालवणारी बाई नावाड्याची मुलगी. पन्नाशीची, सडसडीत, बोलायला रोखठोक. या परिच्छेदाने कुणाचं भलं होणार असेल तर हिचं. तिच्या बापाला चाळीस वर्षं लोकांनी खुनी म्हटलं होतं. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसत नसे, ते पुस्तकातही आलं आहे.

मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. "एक नवीन परिच्छेद आलाय. वाचून दाखवते."

"नको," ती बादल्या रचत म्हणाली. "वाचून दाखवलाय मला."

मी स्टुलावर टेकले. बसायला सांगितलं नव्हतं.

"कुणी?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"अगं, एका मेलेल्या माणसावर आरोप आहे हा!"

"माझा बाप पण मेलेलाच होता की. त्याच्यावरच्या आरोपासाठी तेव्हा कुणी टॅक्सी करून आलं नाही."

खरं होतं ते, आणि खऱ्यावर मला युक्तिवाद सुचत नाही. वकील म्हणून ही माझी मोठी उणीव आहे.

बादल्या रचून झाल्यावर तीच म्हणाली, "मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी काठावर होते. बाबा दोन खेपा म्हणाले, ते मी या कानांनी ऐकलं. तेव्हा पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, पोरगी बापाची बाजू घेणारच. तुमच्या लेखकाला सुद्धा सांगितलं."

"त्याने मला सांगितलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणून मीच ते गाळायला लावलं."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'ने मला चांगलंच झोडपलं. "पण या परिच्छेदात एक चूक आहे. मास्तरांनी ऐकलं नाही, असं लिहिलंय. त्यांनी ऐकलं होतं."

"म्हणजे?"

"ते हो म्हणाले होते. मोठी मुलं पहिल्या खेपेला, बारकी दुसऱ्या खेपेला. मोठी नावेत बसली पण होती. बाबांनी मला बारक्यांजवळ बसवलं, लक्ष ठेव म्हणाले. मग त्यांनी मला खोपट्यातून दोर आणायला पाठवलं. मी परत आले तर बारकीसुद्धा नावेत, आणि नाव सुटलेली."

"हे तू वाचणाऱ्या माणसाला सांगितलंस?"

"सांगितलं. समोरून उत्तरच आलं नाही. रडायला आलं होतं बहुतेक. मग मी पण ताणलं नाही. बाबांवरचा डाग जात होता, मला तेवढं पुष्कळ होतं. हो म्हटलं मी."

परतीच्या वाटेवर पुलाच्या मध्यावर मी टॅक्सी थांबवायला लावली. खाली नदी अगदी शांत, उथळ. अशा पाण्यात माणूस बुडतो हे पटत नाही.

मी खुणांचा हिशेब पुन्हा लावला आणि माझ्या कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

४

मी सरळ काकूंच्या घरी गेले. एका माणसाच्या संसाराला पुरेल एवढं घर, दोघांच्या सामानाने भरलेलं. मास्तरांच्या चपला अजून दाराशी होत्या.

"काकू, एक कोडं घालते," मी म्हणाले. "कुणीतरी चोरून परिच्छेद घालतं. ज्याला आपली रीत मोडायचीच आहे, त्याने सरळ दोन लाल खुणा कराव्यात आणि मोकळं व्हावं. टकटक खुणांपलीकडे बघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे माणूस पुलापलीकडे जातं, नावाड्याच्या मुलीपुढे रीतसर वाचन करतं, तिचा होकार घेतं, मगच खूण करतं. इतकं रीत पाळणारं माणूस दुसरी खूण खोटी करेल?"

काकूंनी दाराशी असलेल्या चपलांकडे पाहिलं.

"नाही करणार. म्हणजे दुसरी खूणही खरी. मास्तरांच्या जवळच्या माणसाने परिच्छेद ऐकला होता आणि होकार दिला होता. ते जवळचं माणूस म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही म्हणता, मला कुणी वाचून दाखवलं नाही. तेही खरंच. तुम्ही स्वतःच लिहिलात, स्वतःच वाचलात. स्वतःला वाचून दाखवायला दुसरं कोण लागतं?"

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ह्यांनी मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मग दर थोड्या दिवसांनी सांगायचे. जणू पहिल्यांदाच सांगताहेत असं. झोपेत 'दोन खेपा करा' म्हणून ओरडायचे. आता ते गेले. त्या नावाड्याचं नाव तसंच चिखलात ठेवून मी कुठल्या तोंडाने मरू? पण ताईला समोर बसून सांगायची माझी छाती नाही झाली. म्हणून असं. चोरासारखं."

"परिच्छेद खरा आहे?"

"खरा आहे."

"सगळा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिथेच मला कळलं.

"काकू, मी पुस्तक चार वेळा वाचलंय. सहल सकाळची होती. शाळेला सुट्टी, पलीकडे नुसती बाग, अख्खा दिवस हाताशी. नाव यायची होती तोवर मुलं वाळूत खेळत होती, मास्तर झाडाखाली बसून गाणी म्हणत होते. त्याच प्रकरणात आहे हे. मग घाई कसली होती? आणि ती बाई सांगते, मास्तर दोन खेपांना हो म्हणाले होते. हो म्हटलेला माणूस एवढ्यात फिरला कशाने?"

"नका विचारू, वकीलबाई."

"तुम्ही घाई घातलीत. खोटं कारण घातलंत."

"कारण नसतं तर ताईने विचारलं असतं!" काकू जवळजवळ ओरडल्या. "ती सोडते का? का बदललं मन, असं विचारत तिने अख्खं गाव पालथं घातलं असतं. घाई म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. घाई सगळ्यांना असते."

मग त्यांनी सांगितलं. मी ते जसं ऐकलं तसं लिहिते.

मोठी मुलं नावेत बसली होती. त्यांत एक सात वर्षांची मुलगी होती. धाकटा भाऊ काठावर राहिला म्हणून तिने रडून आकांत मांडला. नावेतून उडी मारायला निघाली. आईने तिला बजावलं होतं, त्याचा हात सोडू नकोस. मास्तरांना मूल रडलेलं बघवत नसे. ते नावाड्याला म्हणाले, घ्या हो सगळ्यांना, एवढ्याशा पोरांचं वजन ते काय. नावाडी नको नको म्हणत होता. मास्तरांनी स्वतः बारक्यांना उचलून नावेत ठेवलं. पहिला त्या मुलीचा भाऊ.

"तिला आठवत नाही," काकू म्हणाल्या. "पाण्यातून काढल्यावर आठवडाभर बोलली नव्हती ती. नंतर कधी त्याबद्दल बोललीच नाही. हे म्हणायचे, देवाने तेवढी दया केली. त्या दिवशी वाचनात ह्यांनी हात वर केला. ताई समोर बसलेली, ह्यांच्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच. मी हात खाली ओढला. जन्मभराचं ओझं उतरवायला तो माणूस निघाला होता, वकीलबाई, आणि मी त्याचा हात दाबून धरला."

त्या हुंदके देऊन रडल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

"तिला सांगणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी वीस वर्षं ताईची पुस्तकं तपासली आहेत. एक खोटं वाक्य कधी जाऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी मी काकूंना म्हणाले, "घाई राहू दे. बाकीचं तुम्ही तिच्यासमोर सांगा."

५

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे ऑफिसात जमलो. लेखक, टकटक, काकू, मी. नावाड्याच्या मुलीलाही ताईने बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळच्या गठ्ठ्यावर बसली, खुर्ची देऊनही.

काकूंनी उभं राहून सांगितलं की परिच्छेद त्यांनी घातला, आणि तो मास्तरांच्या तोंडून ऐकलेला आहे. मग त्या खाली बसल्या. नावाड्याची मुलगी म्हणाली, दोन खेपांचं मीही ऐकलं होतं.

"दोन माणसं झाली," मी घाईघाईने म्हणाले. "कायद्याने मला पुरेसं आहे. छापायला हरकत नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. ताईने माझ्याकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली.

"रीतसर वाचन होऊ दे," ती म्हणाली. "काकू, मी वाचते. खटकलं तर हात वर करा."

ती वाचू लागली. आवाज सपाट, स्वच्छ. नावाडी तयार नव्हता. दोन खेपा करू. मास्तरांनी ते ऐकलं नाही. मग ती थांबली. काकूंचे दोन्ही हात मांडीवरच होते, एकमेकांत गच्च अडकवलेले.

"त्यांना घाई होती," ताईने वाचलं. पुस्तक खाली ठेवलं. "हे खोटं आहे. घाई नव्हती. मी रडत होते."

काकूंचे अडकवलेले हात सुटले.

"तुला... तुला आठवतं?" काकूंनी विचारलं.

"सगळं आठवतं. मी सात वर्षांची होते, काकू, तान्ही नव्हते." ती लेखकाकडे वळली. "पाच वर्षं तू सगळ्यांना विचारत फिरलास. मला वाटायचं, आज विचारेल, उद्या विचारेल. मीच तर हे पुस्तक करायला घेतलं होतं. मला वाटलं, यात कुठेतरी ते येईलच, कुणीतरी पाहिलं असेल, कुणीतरी सांगेल. मग मला हो म्हणता येईल. स्वतःहून तोंड उघडायचं धैर्य नव्हतं माझ्यात."

"पण मी तुमचं प्रकरण..." लेखक अडखळला. "तुमची पानं तुम्हीच तपासलीत ना."

"तपासली. मला कुणी वाचून नाही दाखवली."

टकटकने तोंडावर हात ठेवला. "खूण नव्हती," ती पुटपुटली. "ताईच्या पानांवर खूण नव्हतीच. मला वाटलं, मालकिणीच्या पानाला खूण कशाला."

मलाही तसंच वाटलं होतं. नावेच्या पुस्तकात जेवढी माणसं आहेत त्या सगळ्यांच्या दारात आम्ही गेलो होतो. फक्त जिच्या टेबलाभोवती बसून चहा पीत होतो तिला विचारायचं राहिलं. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"मास्तर दर वर्षी त्या तारखेला आमच्या घरी यायचे," ताई म्हणाली. "आईसमोर बसायचे. मला वाटायचं, त्यांना कारण आठवत नाही, ते विसरलेत, आणि मी त्यांना फसवते आहे. ते मला सांभाळत होते होय?"

"अगं, तू सात वर्षांची होतीस," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, पण तिच्यापर्यंत जावं की नाही हे त्यांना समजेना, तशाच मध्ये उभ्या राहिल्या.

"तो पाच वर्षांचा होता," ताई म्हणाली.

मग तिने टकटकला यंत्र सुरू करायला सांगितलं आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. नावाडी दोन खेपा करू म्हणाला. मास्तरांनी ते मान्य केलं. पहिल्या खेपेत बसलेली एक मुलगी धाकट्या भावासाठी रडू लागली, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांनाच नावेत घ्यायला लावलं. नावाडी नको म्हणत होता. ती मुलगी या पुस्तकाची प्रकाशक आहे.

"प्रत्येक प्रतीतलं ते पान कापायचं आणि हे चिकटवायचं," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत होईल, सगळे बसलो तर. शाळेला मी फोन करते. सभागृहाचं त्यांचं ते ठरवू देत."

टकटकने कागद काढला. तीन माणसं, तीन खुणा हव्या होत्या. काकू हो म्हणाल्या. नावाड्याची मुलगी हो म्हणाली. तिसऱ्या वेळी कागद मी हातात घेतला आणि ताईला वाचून दाखवला. वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला. ती 'हो' म्हणाली.

मग ती नावाड्याच्या मुलीकडे वळली आणि तिच्यासमोर खाली बसली. तिची क्षमा मागणार, असं मला वाटलं. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "राहू दे आता. तुझ्यावर राग नाही माझा."

"एक विचारायचंय," ताई म्हणाली. "तू काठावर बारक्यांजवळ होतीस. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता त्याचा. मी त्याला हाका मारत होते, पण माझ्याच रडण्यात मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. तो पण रडत होता का?"

ती बाई आठवत राहिली. तिने घाई केली नाही.

"पट्ट्यांचा शर्ट," ती म्हणाली. "हो, होता एक. नाही गं, रडत कुठे होता. वाळूत खड्डा खणत होता, पाणी लागेपर्यंत. मी म्हटलं, चल, हात धू, आता नाव येईल परत. तर उठायलाच तयार नाही. ताईला दाखवायचंय म्हणाला."